मातीचे पात्र आणि सुगंधी दीप : बंगाली कुंभकलेच्या आधारे सोया-मेणबत्तीचा एक अभ्यास

आपल्या संघाच्या स्मरणिकेत एखाद्या नव्या धंद्याचा परिचय करून द्यावा, अशी सूचना संपादक-मंडळाकडून आली, तेव्हा मेणबत्तीसारख्या लहानशा वस्तूवर लिहावयाचे मी ठरविले. त्यास आमच्या घरचाच एक प्रसंग कारण झाला.

माझ्या धाकट्या बंधूंच्या कन्येने दोन वर्षांपूर्वी हौसेने हा उद्योग आरंभिला. ज्याला आपण इंदूरकर कुल्हड म्हणतो व बंगाली लोक ‘भाँड’ म्हणतात, तशा घाटाची, हाताने घडविलेली साठ मृत्पात्रे तिने बंगालमधून मागविली. त्यांत सोयाबीनचे मेण ओतले, निशिगंधाचा सुगंध घातला, आणि दिवाळीपूर्वी बावीस नग ओळखीच्या घरी विकलेही गेले. आठ दिवसांनी पाहतो तो काय, कपाटात ठेवलेल्या प्रत्येक पात्राखाली तेलकट वर्तुळ उमटलेले. घरी एक दीप लावून पाहिला, तर तिसऱ्या तासाला पात्रास केसासारखी भेग गेली आणि वितळलेले मेण मेजावर पसरले. माणसे जवळ होती म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्याच दिवशी आम्ही काका-पुतणी बावीसही घरी गेलो, माल परत घेतला आणि पैसे परत दिले.

मेण चांगले होते, सुगंध चांगला होता, आणि पात्रही उत्तम होते. चूक एवढीच झाली की, त्या पात्राचा धर्म आम्ही ओळखला नव्हता. तो धर्म कोणता, आणि तो सांभाळून हा धंदा कसा करता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

१. बंगाल आणि माती

बंगालच्या सखल प्रदेशात बांधकामाचा दगड दुर्मिळ आणि नद्यांनी आणलेली चिकणमाती मात्र विपुल. यामुळे तेथील शिल्पकाराने जे सांगावयाचे ते मातीतच सांगितले. विष्णुपूरच्या मल्ल राजांनी उभारलेली मंदिरे याची साक्ष देतात. राजा वीर हंबीराच्या काळातील रासमंच सुमारे १६०० सालचा. त्यानंतर श्यामराय मंदिर १६४३ साली, जोडबांगला १६५५ साली आणि मदनमोहन मंदिर १६९४ साली झाले. या मंदिरांच्या भिंतींवर भाजलेल्या मातीच्या फलकांतून पुराणकथा, नौका, शिकारी, पक्षी आणि वेलबुट्टी कोरलेली आहे. याच बांकुडा जिल्ह्यातील पांचमुडा हे कुंभारांचे गाव लांब मानेच्या मातीच्या घोड्यांमुळे देशभर प्रसिद्ध आहे. घोड्याचे पाय, मान व धड चाकावर निरनिराळे पोकळ घडवून मग जोडतात. तांबडा घोडा व काळा घोडा यांची माती एकच असते. भट्टीची तोंडे बंद करून आत धूर कोंडला की काळा रंग येतो.

बंगाली घरात मातीचे पात्र जन्मापासून सोबत असते. पूजेचा मंगलघट, कोजागरीच्या लक्ष्मीपूजनातील चित्रित ‘सरा’, मिष्टी दोईची हंडी आणि चहाचा भाँड ही त्याची नित्याची रूपे होत. आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची म्हणजे ‘धुनुची’. हे उंच बैठकीचे मातीचे धूपपात्र असते. त्यात नारळाच्या शेंड्यांचा विस्तव करून वर सालवृक्षाचा राळेसारखा डिंक टाकतात. दुर्गापूजेत ही धुनुची हाती घेऊन नृत्यही करतात. मातीच्या पात्रातील अग्नी आणि त्यातून उठणारा सुगंध ही कल्पना बंगालला नवी नाही. सुगंधी मेणबत्ती पाश्चात्त्य असली, तरी धुनुचीच्या शेजारी ती परकी वाटत नाही.

आपल्या समाजाचाही या भूमीशी जुना संबंध आहे. आचारांगसूत्रात भगवान महावीरांच्या लाढ देशातील खडतर विहाराचे वर्णन आहे, आणि लाढ म्हणजेच पश्चिम बंगालचा राढ प्रदेश असे विद्वान मानतात. बांकुडा जिल्हा याच राढात मोडतो. तेथील बहुलाडा गावाच्या प्राचीन मंदिरात आजही पार्श्वनाथांची मूर्ती आहे.

२. सोयाबीनचे मेण

मालव्याच्या व्यापाऱ्यास सोयाबीनचा परिचय करून देण्याची गरज नाही. सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ साली इंदुरातच स्थापन झाले. परंतु तेल म्हणजे मेण नव्हे. सोयाबीनचे तेल साध्या उष्णतेत पातळ असते. निकेलसारख्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्यात हायड्रोजन मिळविला म्हणजे ते घट्ट होते. मेणबत्तीसाठी त्याचा प्रसार १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाला.

पात्रात ओतावयाचे सोया-मेण साधारणतः ४५ ते ५५ अंश सेल्सियसला वितळते. पॅराफिनपेक्षा ते मऊ असते. म्हणून उभी मेणबत्ती करण्यापेक्षा पात्रात भरलेला दीप करण्यास ते अधिक योग्य. यातूनच दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, या धंद्यात पात्र हा निव्वळ शोभेचा भाग नसून मेणबत्तीचा अर्धा देह आहे. दुसरी ही की, वैशाख-ज्येष्ठात बंद मालमोटारीतून हा माल पाठविला तर तो वाटेतच वितळण्याचा संभव असतो. थंडीत पाठवावा किंवा उन्हाळ्यात पाठवूच नये.

अहिंसेच्या दृष्टीने विचार करणाऱ्या ग्राहकास वनस्पतिजन्य मेणाचे आकर्षण वाटते, ते योग्यच आहे. मधमाशांचे मेण टाळता येते, चरबीपासूनचे स्टिअरिनही टाळता येते. तथापि ‘सोया’ एवढा शब्द वाचून निश्चिंत होऊ नये. तयार मेणात कडकपणासाठी इतर द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांत स्टिअरिक आम्ल असेल तर ते वनस्पतीचे की प्राण्याच्या चरबीचे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. पात्रास आतून लाखेचे रोगण देण्याचा सल्ला कोणी देतात. लाख ही किटकांपासून मिळते, आणि तिचे रोगण ज्वालाग्राही असते. यास्तव दोन्ही कारणांनी ते वर्ज्य समजावे.

३. पात्राचा धर्म

बंगालमधील ग्रामीण कुंभाराची भट्टी साधारणतः ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापते. या उष्णतेत माती पक्की होते, परंतु तिच्यातील सूक्ष्म छिद्रे बुजत नाहीत. हा दोष नव्हे. मिष्टी दोई मातीच्या हंडीत लावतात ते याच गुणासाठी. हंडी दह्यातील पाणी शोषून घेते, म्हणून दही घट्ट होते. आपल्या माठातील पाणी थंड होते तेही या छिद्रांतून पाणी पाझरून उडून जाते म्हणून.

जो गुण दह्याला तारक तोच मेणबत्तीला मारक ठरतो. वितळलेले मेण व सुगंधी तेल या छिद्रांत शिरते. परिणामी सुगंध कमी होतो, बाहेरील भाग तेलकट होतो, ठेवण्याची जागा डागाळते. सर्वांत वाईट म्हणजे, मेणाने भिजलेली भिंत स्वतःच वातीसारखे वागू लागते आणि ज्योत काठापर्यंत आली तर पात्रच पेटण्याचे भय असते. त्यात चाकावर घडविलेल्या पात्राची जाडी सर्वत्र सारखी नसल्याने उष्णतेचा ताण असमान पडतो व भेग जाते. आमच्या मेजावर जे घडले त्याचे कारण हेच होय.

पात्र सच्छिद्र आहे किंवा नाही हे पाहण्याची परीक्षा सोपी आहे. पात्र पाण्याने भरून कोऱ्या टीपकागदावर चोवीस तास ठेवावे. कागद ओला झाला, अथवा पात्राचा बाहेरील रंग गडद झाला, तर त्यात उघडे मेण ओतू नये.

उपाय दोन आहेत. पहिला, आतून झिलई दिलेले, अधिक उष्णतेत भाजलेले पात्र घेणे. अशी भट्टी गावोगावी नसते. ती शहरातील मातीकामाच्या कार्यशाळांत असते. रवींद्रनाथांनी १९२२ साली स्थापिलेल्या श्रीनिकेतनातही कुटिरोद्योगांबरोबर मातीकामाचे शिक्षण दिले जाते. झिलईचे पात्र सुरेख होते, परंतु महाग पडते, आणि ज्या कुंभारासाठी आपण हा खटाटोप करतो तो ग्रामीण कुंभार यातून बाजूला राहतो.

दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे. मेण सरळ भिंतीच्या, उष्णता सोसणाऱ्या काचेच्या वा पत्र्याच्या लहान पेल्यात ओतावे, आणि तो पेला मातीच्या पात्रात ठेवावा. मातीला मेण स्पर्शही करीत नाही. मेण संपले की ग्राहक केवळ नवा पेला विकत घेतो आणि पात्र वर्षानुवर्षे टिकते.

४. आकार आणि मोजमाप

भाँडाचा घाट वर रुंद व खाली निमुळता असतो. समजा तोंड ७५ मिलिमीटर व तळ ५० मिलिमीटर आहे. तोंडाच्या मापाने वात निवडली तर वरचे मेण नीट वितळते, पण ज्योत खाली गेली की तीच वात अरुंद जागेत फार प्रखर होते. म्हणजे झिलईचे का होईना, निमुळते पात्र वापरावयाचे असल्यास वात मधल्या व्यासास धरून निवडावी आणि तिची खरी परीक्षा तळच्या तिसऱ्या भागात करावी. घटासारख्या अरुंद गळ्याच्या पात्रात दीप लावूच नये. गळ्याशी उष्णता कोंडते व काजळी धरते. आत सरळ पेला ठेवला की हा प्रश्नच उरत नाही.

पेला पात्रात नीट बसावयाचा तर कुंभारास अचूक माप दिले पाहिजे. ओली माती वाळताना व भाजताना आकसते. किती आकसते हे मातीवर अवलंबून असते. म्हणून कुंभाराच्याच मातीची एक पट्टी करून तीवर १०० मिलिमीटरची रेघ ओढावी, आणि पट्टी भाजून आल्यावर ती रेघ पुन्हा मोजावी. रेघ ९० मिलिमीटर भरली तर आकस दहा टक्के. आता पेल्याचा बाहेरील व्यास ७० आणि दोन्ही बाजूंस मिळून ५ मिलिमीटर मोकळीक धरली, तर भाजलेल्या पात्राचा आतील व्यास ७५ हवा. म्हणजे ओल्या पात्राचा ७५ भागिले ०.९, अर्थात सुमारे ८३ मिलिमीटर. या मापाची लाकडी कडी करून कुंभाराकडे द्यावी. कागदावरील आकड्यांपेक्षा त्याच्या हातातील कडी अधिक उपयोगी पडते. पेल्याचा काठ पात्राच्या काठाशी समपातळीत असावा. पेला खोल गेल्यास ज्योतीला हवा अपुरी पडते.

अलंकरण मातीतच असावे, वरून लावलेले नसावे. अल्पनेतील भाताची लोंबी, कमळ, वेल ही रूपे भाजण्यापूर्वी कोरावी, अथवा पांढऱ्या मातीच्या पातळ लेपाने रंगवावी. तेलरंग व चमकी ज्योतीजवळ नकोत. देवदेवतांच्या आकृतीही टाळाव्या. फुटलेले पात्र शेवटी कचऱ्यात जाते, आणि कोणाच्याही श्रद्धेस त्यामुळे क्लेश होऊ नये.

५. कृती आणि प्रमाण

प्रथम पेल्यात ओतण्याच्या खुणेपर्यंत पाणी भरून त्याचे वजन करावे. पाणी २०० ग्रॅम भरले, तर तितक्याच जागेत मेणाचे मिश्रण सुमारे १८० ग्रॅम मावते, कारण मेण पाण्याहून हलके असते. मेणाच्या वजनाच्या सात टक्के सुगंध धरल्यास १६८ ग्रॅम मेण व १२ ग्रॅम सुगंध असा हिशेब येतो. साठ पेल्यांस १० किलो ८० ग्रॅम मेण आणि ७२० ग्रॅम सुगंध लागेल. पाच टक्के घट धरून खरेदी करावी. सुगंधाचे प्रमाण साधारणतः सहा ते दहा टक्क्यांत ठेवतात. अधिक घातल्याने सुगंध वाढतोच असे नाही. न मुरलेले तेल वर तरंगते आणि ज्योत बिघडते.

कृती पुढीलप्रमाणे करावी. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात मेण वितळवावे. थेट आचेवर ठेवू नये. थर्मामीटरवर ८० ते ८५ अंश झाले की भांडे आचेवरून उतरवून सुगंध घालावा व दोन मिनिटे हळू ढवळावे. पेल्याच्या तळाशी मध्यभागी चकतीसह सुती वात चिकटवून ती वर सरळ धरून ठेवावी. मिश्रण ५५ ते ६० अंशांपर्यंत निवले की संथ धारेने ओतावे आणि वारा नसलेल्या जागी एक दिवस तसेच ठेवावे. त्यानंतर झाकण लावून दहा ते चौदा दिवस मुरू द्यावे. लोणच्याप्रमाणे येथेही घाई केल्यास रुची उतरते. मेणावर कधी पांढरट बुरशीसारखी झाक दिसते. ती बुरशी नसून वनस्पतिजन्य मेणाचा स्वभाव आहे, हे ग्राहकास आधीच सांगावे.

भांड्यातील मेण पेटल्यास त्यावर पाणी मुळीच टाकू नये. आच बंद करून झाकण घालावे. काम चालू असता झाकण हाताशी असलेच पाहिजे.

६. सुगंधाची निवड

बंगालच्या ऋतूंना स्वतःचे सुगंध आहेत. शरदातील पहाटे अंगणात सांडलेली शिउली, म्हणजे आपला पारिजातक, बंगाली मनास दुर्गापूजेची चाहूल देतो. नदिया जिल्ह्यात राणाघाटच्या परिसरात रजनीगंधेची, म्हणजे निशिगंधाची, शेती होते. पावसाळ्यात कदंब, हिवाळ्यात खजुराच्या नव्या गुळाचा दरवळ, आणि वर्षभर धुनुचीतील साल-डिंकाचा धूप. यांपैकी एका वेळी एकच सुगंध घ्यावा.

बाजारात ‘शिउली’ म्हणून मिळणारे तेल बहुधा निरनिराळ्या द्रव्यांचे मिश्रण असते. मिश्रण असणे हा अपराध नाही. त्यास फुलांचा शुद्ध अर्क म्हणून विकणे हा अपराध आहे. चिठ्ठीवर ‘शिउलीसदृश सुगंधी मिश्रण’ असे लिहावे. शोभेसाठी मेणात सुकी फुले, डिंकाचे खडे वा दालचिनी घालण्याची पद्धत दिसते. ती धोक्याची आहे. या वस्तू दुसरी वात बनून पेट घेतात.

७. परीक्षा झाल्यावाचून विक्री नाही

प्रत्येक नव्या मापासाठी तीन जाडीच्या वाती घेऊन तीन दीप करावे. चार तास लावावा, विझवून पूर्ण थंड होऊ द्यावा, वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कातरावी, पुन्हा लावावा. असे शेवटपर्यंत करावे आणि प्रत्येक वेळची नोंद वहीत ठेवावी. चार तासांत वितळलेले मेण काठापर्यंत पोचावे, त्याची खोली सुमारे एक सेंटिमीटर असावी, ज्योत स्थिर असावी, काजळी नसावी आणि बाहेरील पात्रास हात लावला तर चटका बसू नये. मधोमध विहीर पडली तर वात बारीक आहे. धूर व उंच ज्योत दिसली तर ती जाड आहे.

ग्राहकास द्यावयाच्या चिठ्ठीवर मराठीत व हिंदीत स्पष्ट लिहावे : दीप बशीवर ठेवावा, पडदे, मुले व जनावरे यांपासून दूर ठेवावा, एका वेळी चार तासांहून अधिक लावू नये, तळाशी एक सेंटिमीटर मेण उरले की थांबावे, खोली सोडून जाताना विझवावा.

८. कुंभाराचा वाटा

बंगालमधील कुंभार वैशाखात परंपरेने चाक बंद ठेवतात, आणि पुढे पावसाळ्यात पात्रे वाळणे व भट्टी लावणे कठीण होते. दिवाळीचा माल श्रावणात मागणारा व्यापारी स्वतःही फसतो आणि कुंभारासही संकटात टाकतो. मागणी माघात नोंदवावी, माल चैत्रापर्यंत उचलावा. माती व सरपण कुंभारास आधी विकत घ्यावे लागते, म्हणून अर्धी रक्कम आगाऊ द्यावी. मोजून, पाहून, पेंढ्यात बांधून घेतलेला माल वाटेत फुटला तर ती फूट व्यापाऱ्याची. ती कुंभाराच्या हिशेबातून कापणे न्याय्य नव्हे. पेला बदलता येत असल्यामुळे तेच घर पुन्हा पात्र घेणार नाही. एकदाच मिळणाऱ्या या मोलात म्हणूनच कसर करू नये.

नावाविषयीही प्रामाणिक असावे. पांचमुड्याच्या मृण्मय शिल्पास २०१८ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. अन्यत्र घडलेल्या पात्रास ते नाव लावणे कायद्याने चूक आणि नीतीनेही चूक. पात्र जेथले असेल तेथले नाव लिहावे. साधे नाव खरे असले म्हणजे पुरे.

समारोप

उपासकदशांगसूत्रात ज्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत त्यांत सद्दालपुत्र नावाचा धनाढ्य कुंभार आहे. पोलासपूर नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती, आणि सारे काही नियतीने ठरलेले आहे असे तो मानीत असे. उन्हात वाळत असलेली त्याची पात्रे पाहून भगवान महावीरांनी त्यास विचारले की, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? त्या एका प्रश्नाने त्याची दृष्टी पालटली.

भेगाळलेल्या पात्रापुढे उभे असता ‘आपले नशीब’ असे म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला होता. परंतु पुतणीने वही काढली, वाती बदलल्या, मापाची कडी करून बंगालला पाठविली, आणि पाच महिन्यांनी आत काचेचा पेला असलेला नवा दीप सिद्ध केला. ज्या घरांचे पैसे आम्ही परत केले होते, त्यांतील बहुतेकांनी पुढील दिवाळीस आपण होऊन मागणी नोंदविली. हा धंदा थोड्या भांडवलात होण्याजोगा आहे, घरातील भगिनींनाही करता येण्याजोगा आहे. मात्र तो परीक्षेवाचून करू नये, एवढीच व्यापारी बंधूंस नम्र विनंती आहे.